माळावरची आठवण आणि वहींतली नोंद



बार्शीहून सोलापूरकडे येतांना रस्त्याच्या दोहों बाजूंस जो माळ लागतो, त्या माळावर मेंढरें राखणाऱ्या एका वृद्ध धनगर गृहस्थांची आणि माझी फार वर्षांची ओळख आहे. सारा गांव त्यांना बाबा म्हणतो. मीहि तसेंच म्हणतों. त्यांना लिहितां-वाचतां येत नाहीं. मीं उभी हयात शाळेंत सृष्टिविज्ञान शिकविण्यांत घालविली, म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. आमच्या दोघांत शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, याविषयीं मात्र मला आतां फारशी शंका राहिलेली नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं त्यांना विचारलें, "बाबा, या माळावर पूर्वीं गिधाडें उतरत असें तुम्ही म्हणतां. तीं शेवटचीं केव्हां पाहिलींत?"

"लई वरसं झाली, गुरुजी."

'लई वरसं' वहींत लिहितां येत नाहींत. म्हणून मीं विचारलें, "भूकंपाच्या आधीं कीं मागून?" किल्लारीचा भूकंप १९९३ च्या सप्टेंबरांत ३० तारखेच्या पहांटे झाला, आणि आमच्या भागांत तो कोणीहि विसरलेला नाहीं. बाबांनीं काठी या हातांतून त्या हातांत घेतली आणि थोडा वेळ विचार करून सांगितलें, "भुईकंप झाला त्या साली दिवाळीच्या अंगाला आमचा खिलारी बैल मेला. वढून माळावर टाकला, तवा गिधाडं उतरली व्हती. सांजपावतर निस्ती हाडं ऱ्हायली. म्होरं थोरल्या नातवाचं जावळ काढलं त्या साली म्हस मेली. ती चार दिस तशीच पडली व्हती. कुत्र्यांनी फाडली. आभाळात एक बी गिधाड न्हाई."

नातवाचा जन्मदाखला घरांत होता. तो पाहून जावळाचें साल काढलें. तें १९९९ निघालें. म्हणजे १९९३ च्या दिवाळीला त्या माळावर गिधाडें होतीं, आणि १९९९ सालीं तीं नव्हतीं. ही झाली नोंद.

या दोन मेलेल्या जनावरांच्या मधल्या सहा वर्षांत आपल्या देशाच्या सृष्टींत एक फार मोठी घटना घडून गेली. पांढऱ्या पाठीचें गिधाड हा एके काळीं आपल्याकडे अत्यंत विपुल असा पक्षी. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत त्याची संख्या इतकी घटली, कीं हजारांच्या जागीं एक काय तो उरला. लांब चोचीच्या गिधाडांची गतहि फारशी निराळी नाहीं. शंभरांतील सुमारें तीनच वांचलीं. कारण कोणास उमगेना. कोणी म्हणे सांथ आली, कोणी म्हणे अन्न तुटलें. अखेर २००४ सालीं उलगडा झाला. गुरांच्या सुजेवर व दुखण्यावर डायक्लोफेनॅक नांवाचें औषध सर्रास दिलें जाऊं लागलें होतें. औषध दिलेलें जनावर लवकरच मेलें, तर औषधाचा अंश त्याच्या मांसांत राहतो. तें मांस गिधाडाच्या पोटांत गेलें, कीं त्याचीं मूत्रपिंडें निकामी होतात, आंतल्या अवयवांवर युरिक आम्लाचीं पांढरीं पुटें चढतात, आणि थोड्याच दिवसांत पक्षी मरतो. २००६ मध्यें जनावरांसाठीं हें औषध बनविण्यास आपल्या सरकारनें बंदी केली. तोंवर आभाळ रिकामें झालें होतें.

आतां, गिधाडें घटलीं हें तरी शास्त्रज्ञांना कशावरून कळलें? राजस्थानांत भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांनीं १९८०-९० च्या दशकांत गिधाडें मोजून ठेविलीं होतीं. पुढच्या दशकाच्या अखेरीस त्यांनीं पुन्हां मोजणी केली, तेव्हां पहिला आंकडा आणि दुसरा आंकडा यांत जें अंतर दिसलें तें पाहून तेहि हादरले असतील. १९९९ सालीं त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. जुना आंकडा हातीं होता, म्हणून नव्या आंकड्याला अर्थ आला.

आमच्या तालुक्यांत असा जुना आंकडा नव्हता. गिधाडें नाहींशीं झाल्याचें शेंकडों डोळ्यांनीं पाहिलें होतें. मेंढक्यांनीं पाहिलें, गुराख्यांनीं पाहिलें, मेलेलें जनावर ओढून नेणाऱ्यांनीं पाहिलें. त्यांना कोणीं विचारलें नाहीं आणि त्यांनीं आपण होऊन कोणास सांगितलें नाहीं. सांगावें तरी कोणाला? आणि या न विचारणाऱ्यांत पहिला मी. त्याच सहा वर्षांत मी वर्गांत फळ्यावर अन्नसाखळीचें चित्र काढीत होतों. त्या चित्रांत गिधाड असे. खिडकीबाहेर पाहण्याचें मला सुचलें नाहीं. ही गोष्ट मी येथें मुद्दाम सांगतों, कारण आजच्या विषयाकडे मी वळलों तो याच रुखरुखीमुळें.

विषय असा, कीं आपापल्या गांवच्या भोंवतीं कोणते पशुपक्षी आहेत, कोणते होते, कोणते नवे आले, आणि त्यांचीं रानें, माळ, ओढे, तळीं कसकशीं बदललीं, याचें ज्ञान गांवांतल्या माणसांपाशीं आहे. तें गोळा कसें करावें, आणि गोळा करतांना काय सांभाळावें.

आठवणीचा एक विचित्र स्वभाव आहे. पूर्वीं काय होतें हें ती चांगलें जपून ठेवते. तें केव्हां गेलें हें ती ठेवीत नाहीं. येणाऱ्याची चाहूल लागते, जाणाऱ्याची लागत नाहीं. ज्या दिवशीं शेवटचें गिधाड गेलें त्या दिवशीं माळावरच्या कोणास ठाऊक होतें, कीं हें शेवटचें? त्यांत पिढ्यांचा फरक पडतो तो आणखी निराळा. एकाच घरांत मीं तिघांना एकच प्रश्न विचारून पाहिला: या माळावर पूर्वीं काय काय होतें? बाबांनीं माळढोक सांगितला, लांडगा सांगितला, काळविटांचे कळप सांगितले. त्यांच्या मुलानें काळवीट आणि खोकड सांगितलें. माळढोक आपण लहानपणीं एकदोनदां पाहिल्याचें त्याला अंधुकसें स्मरत होतें. नातू म्हणाला, "आमच्याकडं हरणं चिक्कार हायती, गुरुजी." तिघेहि खरें बोलले. ज्यानें त्यानें आपल्या बाळपणीं जें पाहिलें तेंच मूळचें, असें धरलें. डॅनिएल पॉली नांवाच्या मत्स्यशास्त्रज्ञानें १९९५ सालीं समुद्रांतल्या माशांविषयीं हीच गोष्ट दाखवून दिली होती: प्रत्येक पिढीचा मापाचा दगड निराळा असतो आणि तो गुपचूप हलका होत जातो. आजोबा गेले, कीं त्यांचा दगडहि जातो.

म्हणून घाई आहे. रान संपत आहे म्हणून तर आहेच, पण रानाची आठवण असलेलीं माणसें संपत आहेत म्हणूनहि आहे.

बदल म्हणजे सर्व ऱ्हासच, असें मात्र कोणीं धरून चालूं नये. भीमेवरचें उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्याखालीं गांवें गेलीं, शेतें गेलीं, नदीचे डोह गेले. आणि त्याच पाण्याच्या उथळ कडांवर आज हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि ते पाहावयास पुण्यामुंबईचीं माणसें येतात. तेथल्या कोळ्याला विचारा. तो तुम्हांला मरळ आणि वाम यांच्या जुन्या गोष्टी सांगेल आणि आतां जाळ्यांत चिलापीच चिलापी येते म्हणून कपाळाला हात लावील. ही चिलापी परक्या मुलुखांतली. पाहुण्याला रोहित दिसतो. जाळ्यांतला मासा बदलला हें कोळ्यालाच ठाऊक. तीच गोष्ट जुन्नरच्या बाजूची. धरणाचें पाणी आलें, बाजरीच्या जागीं ऊंस आला, आणि उंसाच्या दाट फडांत बिबट्या राहूं लागला; त्याचीं पिलें उंसांतच जन्मूं लागलीं. ज्याच्या जिवावर बेतते त्या तोडणी-कामगाराला बिबट्याची मादी कोणत्या फडांत व्यालेली असते, याची जी जाण असते ती ग्रंथांत शोधून सांपडणार नाहीं.

आतां विचारावयाचें कसें, याविषयीं माझा थोडा अनुभव सांगतों. मीं आरंभीं एक मोठी चूक केली. पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचें पुस्तक घेऊन मी माळावर गेलों आणि एकेक पान उलटून 'हा पाहिला काय, हा पाहिला काय,' असें विचारूं लागलों. माणसें भिडस्त असतात. गुरुजी एवढ्या हौसेनें विचारतात, तर नाहीं कसें म्हणावें! एका सकाळीं त्या माळावर हिमालयांतले दोन पक्षी 'पाहिलेले' निघाले. तेव्हांपासून मीं पुस्तक पिशवींतच ठेवूं लागलों. अगोदर त्यांनीं आपल्या शब्दांत सांगावें. रंग, चाल, आवाज, घरटें, काय खातो, कोणत्या दिवसांत दिसतो. नांव त्यांचें लिहावें. चित्र अगदीं शेवटीं, आणि तेंहि चारपांच एकत्र मांडून.

नांवांचा घोटाळा मोठा आहे. कोंकणांत कोठें कोठें धनेशाला माडगरुड म्हणतात. नुसतें 'गरुड' म्हणून नोंद केली तर वाचणारा भलत्याच पक्ष्याच्या मागें लागेल. पण म्हणून गांवचें नांव टाकून ग्रंथांतलें लिहावें, हेंहि बरें नव्हे. मारुती चितमपल्ली यांनीं वनखात्यांत नोकरी करतांना रानांतल्या माणसांच्या तोंडचे शब्द आयुष्यभर वेंचले, आणि त्यांचा 'पक्षिकोश' आपल्या भाषेला मिळाला. दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं असावींत, आणि कोणत्या गांवीं कोणतें हेंहि असावें.

दुसरी गोष्ट, विचारावयाचें कोणाला? पारावर बसून विचारलें तर पारावर बसणारांचेंच ज्ञान मिळतें. सरपणाला आणि रानभाजीला जाणाऱ्या बायका पारावर येत नाहींत. एका वृद्ध बाईंना मीं विचारलें, "मावशी, पाथरी हल्लीं कोठें मिळते?" त्या म्हणाल्या, "आता कुठली पाथरी, गुरुजी! तणाचं औषध मारायला लागल्यापासनं बांधाला घोळ ऱ्हायली न्हाई, पाथरी ऱ्हायली न्हाई." मग त्यांनीं कोणत्या बांधावर कोणत्या सालापर्यंत कोणती भाजी मिळे हें एवढें बिनचूक सांगितलें, कीं मला लिहितांना धांवपळ झाली. सालांची खूण त्यांच्यापाशीं होती ती लेकींच्या बाळंतपणांची. बाबांची खूण जनावरांची. कोणाची १९७२ च्या दुष्काळाची. ज्याची जी खूण असेल ती धरून सालापर्यंत पोंचावें. थेट साल विचारूं नये.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. स्वतः पाहिलें कीं ऐकलें? ऐकलें तर कोणाकडून? हा प्रश्न विचारतांना आपण समोरच्यावर अविश्वास दाखवीत आहों असें त्याला वाटूं न देणें, ही कला आहे, आणि ती मला अजून पुरी साधलेली नाहीं. पण तो विचारल्यावांचून नोंदीला किंमत नाहीं.

ही किंमत केवढी, हें रानपिंगळ्याच्या कथेवरून कळेल. ही गोष्ट आमच्या माळाची नव्हे, खानदेशची आहे. रानपिंगळा हें एक लहानसें घुबड. एकोणिसाव्या शतकांत त्याचे मोजकेच नमुने गोळा झाले, त्यांतला अखेरचा १८८४ सालचा. पुढें रिचर्ड माइनर्टझागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आपण १९१४ मध्यें गुजराथेंत तापीकांठीं मांडवीला तो मारल्याचें सांगून आपला नमुना दाखविला. शोधणारे त्या खुणेनें फसत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें तो नमुना तपासला, तेव्हां निष्पन्न झालें, कीं तो संग्रहालयांतून चोरलेला जुनाच नमुना होता. त्याला नवी चिठ्ठी बांधलेली, तारीख खोटी, ठिकाण खोटें. त्या खोट्या ठिकाणाचा नाद सोडून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागानें त्या व त्यांचे सोबती गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळच्या रानांत रानपिंगळा झाडावर बसलेला सांपडला. शंभराहून अधिक वर्षें शास्त्राच्या लेखीं हरवलेला पक्षी आपल्याच रानांत होता. हा खोटेपणा एका प्रतिष्ठित, सुशिक्षित गृहस्थाचा होता, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अडाण्यांच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवावा, असें मला पुष्कळ जण विचारतात म्हणून म्हणतों.

तसेंच गांवच्या समजुतींचें. कावळ्यानें बाभळीसारख्या कांटेरी झाडावर घरटें बांधलें तर पाऊस कमी, आंब्यावर किंवा करंजावर बांधलें तर चांगला. टिटवीनें अंडीं उंचवट्यावर घातलीं तर पाणी फार होणार. यांवर हंसूं नये आणि यांवर पेरणीहि करूं नये. घरटें कोणत्या तारखेस, कोणत्या झाडावर, किती उंचीवर, आणि त्या वर्षीं पाऊस किती इंच, एवढें दरवर्षीं लिहीत जावें. दहावीस वर्षांनीं समजूत खरी कीं खोटी हें वहीच सांगेल. आणि समजूत खोटी ठरली, तरी घरट्यांच्या वीस वर्षांच्या तारखा हातांत उरतील, त्या खऱ्याच असतील.

कोणी म्हणेल, हें काम आतां सरकार करीत आहे. एका अर्थीं तें खरें आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक ग्रामपंचायतींत व नगरपालिकेंत एक समिती असावी आणि तिनें लोकजैवविविधता नोंदवही करावी, असें ठरविलें. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं त्यापूर्वींच गांवोगांवीं अशा वह्या लोकांकडून करवून घेऊन वाट घालून दिली होती. कल्पना उत्तम. पण वर्षानुवर्षें फारसें कांहीं झालें नाहीं. तेव्हां राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली, आणि त्यानंतर चुकणाऱ्या राज्याला दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असें बजावलें. मग काय विचारतां! देशांत आज अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या झालेल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ मनापासून केलेल्या असतील, नव्हे, आहेत. पण मीं एका कोरडवाहू गांवची नोंदवही पाहिली, तींत त्या गांवीं कधीं न उगवलेलीं कोंकणांतलीं झाडें होतीं. आणि शेजारच्या गांवची पाहिली, तींतहि तींच झाडें, त्याच क्रमानें, त्याच अशुद्ध लेखनासह. त्या गांवच्या म्हाताऱ्या माणसांना कोणी भेटलेंच नव्हतें. दंडाच्या भयानें वही भरते. ज्ञान भरत नाहीं.

शहरांतल्या हौशी पक्षिनिरीक्षकांचें काम याहून पुष्कळ सरस आहे, हें मान्य केलें पाहिजे. २०२३ सालीं भारतांतल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो सुमारें तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. हीं माणसें हातांतल्या फोनवर तारीख, वेळ, ठिकाण आणि संख्या जागच्या जागीं टिपतात. पण त्यांच्या पायवाटा तळ्यांकडे, अभयारण्यांकडे आणि शहरांच्या आसपास जातात. आमच्या माळावर वैशाखांत दुपारीं कोण येणार? तेथें बाबाच असतात.

येथवर जें सांगितलें तें विचारणाराच्या बाजूचें झालें. सांगणाराच्या बाजूचा एक प्रश्न आहे, आणि तो मला माळावरच एका शेतकऱ्यानें तोंडावर विचारला: "गुरुजी, हे लिहून नेताय, उद्या आमची जमीन तर अडकणार न्हाई न्हवं?"

हा प्रश्न उगाच आलेला नाहीं. त्याच माळावर नान्नजला माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. पक्षी मोलाचा, हेतु निर्मळ. पण अभयारण्याची कागदावरची मर्यादा होती ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांतल्या तालुक्यांतलीं गांवेंच्या गांवें, शेतें, बाजारपेठा, सर्व त्यांत आलें. जमिनीच्या खरेदी-विक्रीला, विहिरीला, रस्त्याला अडचणी होऊं लागल्या. ज्या पक्ष्याचें गांवाला कौतुक होतें त्याचें नांव निघतांच कपाळाला आंठ्या पडूं लागल्या. पुढें तीस-एक वर्षांनीं मर्यादा आंखडून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटर करण्यांत आली. पण मधल्या काळांत माळाचे प्लॉट पडले, ऊंस आला, गवताच्या जागीं झाडें लाविलीं गेलीं. कारण सरकारी दप्तरांत गवताळ माळ म्हणजे 'पडीक'. आज तेथें एखादा माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्राची बातमी होते. आणि माझें मत असें आहे, कीं त्या वर्षांत माळढोकाचीं कित्येक घरटीं लोकांनीं पाहिलीं असतील आणि तोंडांतून शब्द काढला नसेल. खरें सांगितल्यानें नुकसान होतें असें एकदां ठरलें, म्हणजे माणूस गप्प बसतो. आणि त्याला दोष कसा द्यावा?

याच्या उलट उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यांतल्या वेळासचें. नाना फडणविसांचें हें गांव, मंडणगड तालुक्यांत, समुद्रकांठीं. चिपळूणच्या 'सह्याद्रि निसर्गमित्र' या संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत किनाऱ्यानें हिंडत होते. २००२ सालीं वेळासच्या वाळूंत त्यांना कासवाच्या अंड्यांचीं टरफलें दिसलीं. शास्त्रीय लिखाणांत या किनाऱ्यावरच्या कासवांच्या विणीचा फारच थोडा उल्लेख होता. गांवाला मात्र तें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. हिंवाळ्यांत रात्रीं माद्या किनाऱ्यावर येतात, वाळूंत खळगा करून शंभरएक अंडीं घालतात आणि उजाडण्यापूर्वीं परत जातात. वाळूवर उमटलेल्या त्यांच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणांवरून माग काढून तीं अंडीं उकरणारे, खाणारे व विकणारे लोक गांवांत होते. खरें ज्ञान त्यांच्यापाशीं होतें. त्यांना चोर ठरवून पोलिसांत दिलें असतें, तर तें ज्ञान त्यांच्याबरोबर अंधारांत गेलें असतें. तसें न करतां रक्षणाच्या कामांत गांवच्याच माणसांना घेतलें. माग काढणारा तोच, पण आतां अंडीं कुंपणाच्या आंत नेऊन पुरावयाचीं, राखावयाचीं, आणि सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें बाहेर आलीं कीं समुद्राकडे सोडावयाचीं. २००६ पासून तेथें कासव-महोत्सव होऊं लागला. पाहुणे गांवांतल्या घरांतून उतरतात, जेवतात, चार पैसे देतात. किनाऱ्यावरच्या इतर गांवांनींहि पुढें हा मार्ग धरला. सांगितल्यानें कांहीं गेलें नाहीं, उलट आलें, हें लोकांनीं पाहिलें.

तेव्हां वही करावयाला निघणारानें सांगणाराला दोन गोष्टींचें वचन द्यावें, आणि तें पाळतां येत नसेल तर वहीच करूं नये. एक, वही गांवांत राहील. नकल बाहेर जाईल ती गांवानें हो म्हटल्यावर. दुसरें, दुर्मिळ प्राण्याचें घरटें, बीळ, पाणवठा यांचें नेमकें ठिकाण चारचौघांत जाहीर होणार नाहीं. कारण वाचणारांत शिकारीहि असतात, आणि छायाचित्राच्या हव्यासानें घरट्यावर गर्दी करणारेहि असतात. त्यांचाहि उपद्रव लहान नव्हे.

बाकी साहित्य काय लागतें? शाळेंतल्या मुलाची शंभर पानी वही पुरते. एका पाणवठ्याला एक पान, एका जुन्या झाडाला एक पान. पावशा पहिल्यानें 'पेरते व्हा' म्हणाला ती तारीख. मृगानंतर ओढ्याला पहिलें पाणी आलें ती तारीख. सुगरणीनें त्याच बाभळीवर घरटीं बांधलीं कीं नाहीं, आणि किती. आणि एक नोंद, जी करावयाचा सर्वांना कंटाळा येतो: 'आज गेलों, तासभर बसलों, दिसलें नाहीं.' गिधाडांच्या बाबतींत हीच ओळ आमच्यापाशीं नव्हती. १९९५, १९९६, १९९७ — कोणत्याहि एका सालीं आमच्या माळावरून ही ओळ कोणीं लिहिली असती, तर सहा वर्षांचें अंतर दोन ते चार वर्षांवर आलें असतें. गिधाडें त्यानें वांचलीं असतींच, असें मी म्हणत नाहीं. पण अशा ओळी शंभर गांवांतून आल्या असत्या, तर विचारणारे आधीं जागे झाले असते, आणि औषध आधीं सांपडलें असतें, एवढें खास.

लिहिलेलें परत वाचून दाखवावें, हें सांगावयाचें राहिलें. मीं बाबांच्या सांगण्यावरून लिहिलेलें पान घेऊन गेल्या दिवाळींत माळावर गेलों. मेंढरें बसविलेलीं होतीं. बाबा घोंगडीवर टेकले होते. मीं वाचून दाखविलें: १९९३, दिवाळी, बैल, गिधाडें उतरलीं, १९९९, म्हैस, उतरलीं नाहींत, स्वतः पाहिलें. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें आणि म्हणाले, "बैल दिवाळीला न्हाई मेला, गुरुजी. इचार केला म्या मागनं. ज्वारीला हुरडा आला व्हता. म्हंजी संक्रांतीच्या आधी." मीं खोडून दुरुस्त केलें. मग ते म्हणाले, "आणि येक ऱ्हायलं. म्हशीच्या साली गिधाडं न्हवती, पर खोकडाची जोडी व्हती वड्याच्या अंगाला. ती बी अलीकडं दिसना. किती वरसं झाली, काय की."

मीं त्यांच्याजवळ बसलों आणि विचारलें, "धाकट्या नातवाचें जावळ कोणत्या सालीं काढलें, बाबा? त्याच्या आधीं कीं मागून?"